पापा डॉक : बाप म्हणवून घेणारा राज्यकर्ता

(एका खेड्यातील वाचनालयाच्या सभेत वाचलेले भाषण)



दिवसभर रानात राबून, हातावरचे घट्टे घेऊन तुम्ही मंडळी येथे येऊन बसलात, याबद्दल आम्ही तुमचे आभारी आहोत. आम्ही मोठे विद्वान नाही. खेड्यातले मास्तर. ट्रेनिंग कॉलेजात जे शिकलो ते, आणि पुढे पोरांना शिकवता शिकवता जे कळले ते, एवढीच आमची पुंजी. तेव्हा शब्द जाडेभरडे वाटले तर पोटात घाला.

आज आम्ही एका दूरदेशच्या राज्यकर्त्याची हकीगत सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, साता समुद्रांपलीकडचा माणूस, मरूनही पन्नास वर्षे लोटली, त्याचे आम्हा नांगरहाक्यांना काय? पण तुम्ही बाजारात माठ घेता तेव्हा तो टिचकी मारून, वाजवून घेता. बैल घेता तेव्हा त्याचे दात पाहता, चालवून पाहता. झूल बघून कोणी बैल घेत नाही. मात्र माणसाच्या अंगावर गोड नावाची झूल असली म्हणजे आपण दात पाहायचे विसरतो. ह्या विसराळूपणाची एका अख्ख्या देशाने काय किंमत दिली, ते ऐका.

त्या देशाचे नाव हैती. अमेरिका खंडाजवळच्या समुद्रात एक मोठे बेट आहे, त्याचा पश्चिमेकडचा भाग म्हणजे हा देश. फ्रेंच लोकांनी तेथे उसाचे मळे केले आणि आफ्रिकेतून माणसे जहाजात कोंबून आणून त्यांना गुलाम म्हणून राबवले. १७९१ साली हे गुलाम उठले. तेरा वर्षे लढले. तुसां लूव्हेर्त्यूर, देसालीन असे पुढारी त्यांच्यातूनच निघाले. नेपोलियनच्या फौजेला त्यांनी हरवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी आपले राज्य उभे केले. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलाम मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने गेली ती १८६५ साली. त्याच्या साठ वर्षे आधी हैतीच्या गुलामांनी आपल्या बेड्या आपल्याच हाताने तोडल्या होत्या. असे ते शूर लोक. ह्या लोकांना कोणी भित्रे किंवा गाढव म्हणू नये, म्हणून हे आधी सांगितले.

परंतु बेडी तुटली तरी कर्ज बसले. १८२५ साली फ्रान्सने लढाऊ जहाजे पाठवून मागणी केली की, आमचे मळे आणि आमचे गुलाम गेले, त्याची भरपाई द्या, पंधरा कोटी फ्रँक. म्हणजे ज्यांना विकले, त्यांनीच आपली किंमत मोजायची! पुढे आकडा नऊ कोटींवर आला, पण त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते १९४७ सालापर्यंत चालले. हे पैसे कोणी भरले? डोंगरउतारावर कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने. कॉफी बंदरातून बाहेर जाताना तिच्यावर कर बसे, आणि सरकारचा गाडा त्या करावर चाले. शेतकऱ्याच्या गावात रस्ता नाही, दवाखाना नाही, शाळा नाही. शहरात थोडी फिकट कातडीची घराणी होती, गोऱ्या मळेवाल्यांच्या वंशातली. व्यापार त्यांच्या हाती, कचेऱ्या त्यांच्या हाती, भाषा फ्रेंच. शेतकरी बोले ती क्रेओल. कोर्टातला कागद फ्रेंचमध्ये. आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे हे ज्याच्याविरुद्ध लिहिले त्याला वाचता येत नसे. ही स्थिती कशी असते हे तुमच्या आजोबा-पणजोबांना विचारायला नको होते.

अशा देशात १९०७ साली फ्रांस्वा दुव्हालिये यांचा जन्म झाला. वडील शिक्षकी केलेले, आई बेकरीत कामाला. घर साधे, कातडी काळी. पोरगा हुशार. १९३४ साली ते डॉक्टर झाले. त्या काळी हैतीच्या खेड्यांत यॉज नावाचा रोग फार होता. हा रोग अनवाणी चालणाऱ्या, चिखलात राबणाऱ्या गरिबांचा, आणि त्यातही पोराबाळांचा. अंगावर फोड येतात, ते चिघळतात, तळपायाला भेगा-जखमा पडतात, पुढे हाडे वाकडी होतात. आपल्याकडेही तो होता. ओरिसा, मध्य प्रदेश, आपला महाराष्ट्र अशा प्रांतांतल्या रानावनातल्या वस्त्यांत तो होता, आणि २०१६ साली भारत ह्या रोगापासून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. असो. १९४३ सालापासून अमेरिकेच्या मदतीने हैतीत ह्या रोगाविरुद्ध मोहीम निघाली आणि हे डॉक्टर तीत कामाला लागले.

खेड्यातल्या माणसाकडे डॉक्टर येतो, त्याच्या पोराचा चिघळलेला पाय हातात घेतो, त्याच्याच भाषेत बोलतो, ही गोष्ट त्या लोकांनी कधी पाहिली नव्हती. जे पोर रांगत होते ते चालू लागले. पुढे पेनिसिलीन आल्यावर तर एका सुईने फोड वाळू लागले. त्या आईबापांनी डॉक्टरला नाव दिले ‘पापा डॉक’. पापा म्हणजे बाप, डॉक म्हणजे डॉक्टर. त्या लोकांच्या देवधर्मातही देवाला हाक मारताना आधी ‘पापा’ म्हणायची रीत आहे. वाटेच्या चौकात उभा राहून देवलोकाचे दार उघडणारा जो त्यांचा देव, तो ‘पापा लेग्बा’. तेव्हा हे नाव काही थट्टेने दिलेले नव्हते. ज्या तोंडाने देवाला हाक मारली त्याच तोंडाने डॉक्टरला मारली.

बंधूंनो, हे नीट ध्यानात घ्या. नाव खरे होते. त्या वेळी ते कमावलेले होते. ज्यांनी दिले ते भोळे असतील, खोटे नव्हते. नाव देण्यात चूक झाली नाही. चूक पुढे झाली.

हे डॉक्टर नुसती सुई टोचत नव्हते. ते लिहीत होते. आपल्या काळ्या बहुजनांचा धर्म, त्यांच्या चालीरीती, त्यांची भाषा ह्यांना शहरी लोक हलके लेखतात, हे खोटे आहे, आपल्या पूर्वजांची लाज बाळगू नका, असे ते व त्यांचे मित्र १९३८ सालापासून मासिकातून सांगत होते. १९४६ साली एस्तिमे नावाचा काळा पुढारी अध्यक्ष झाला, त्याच्या कारभारात हे आरोग्य खात्यात चढले आणि १९४९ साली मंत्री झाले. १९५० साली लष्कराने तो कारभार मोडला. डॉक्टर विरोधात गेले, पुढे लपून राहिले. १९५७ साली निवडणूक आली. समोर देझ्वा नावाचा फिकट कातडीचा श्रीमंत जमीनदार. इकडे हे, हळू बोलणारे, जाड चष्म्याचे, साध्या काळ्या कपड्यातले, शेतकऱ्याच्या पोराचे पाय धुतलेले. लष्करातल्या अंमलदारांनी विचार केला की हा मऊ माणूस आपल्या मुठीत राहील. शेतकऱ्याने विचार केला की हा आपला बाप आहे. दोघांनी त्याला बसवले आणि दोघेही फसले. २२ सप्टेंबर १९५७ रोजी तो निवडून आला. इथपर्यंत आम्ही ‘डॉक्टर’ म्हणत आलो. येथून पुढे त्याला अरेतुरे करू, कारण येथून पुढे त्याने औषधाची पेटी खाली ठेवली.

वर्ष उलटले नाही तोच, जुलै १९५८ मध्ये, देशाबाहेर गेलेले काही अंमलदार थोडी माणसे घेऊन आले आणि त्यांनी राजधानीतली एक बराक धरली. ते मारले गेले. पण ह्या माणसाने मनाशी गाठ बांधली की लष्करावर विसंबायचे नाही. त्याने आपली वेगळी टोळी उभी केली. तिला लोक ‘तोंतों माकूत’ म्हणू लागले. ह्या नावाचा अर्थ ऐका. आपल्याकडे पोर रडू लागले की आई म्हणते, गप, बागुलबुवा येईल, झोळीत घालून नेईल. हैतीतल्या आयाही तेच सांगत. तोंतों म्हणजे काका, माकूत म्हणजे विणलेली झोळी. झोळीवाला काका! रात्री घरातून उचललेला माणूस परत दिसेना, तेव्हा लोकांना आजीच्या गोष्टीतला तो काका आठवला. म्हणजे पाहा, सिंहासनावर बाप, आणि रस्त्यावर काका. सारे घर नातेवाइकांनी भरले आणि घरात जीव सुरक्षित राहिला नाही.

आता त्यांचा पोशाख पाहा. निळे जाड सुती कपडे, डोक्यावर गवती टोपी, गळ्यात लाल रुमाल, डोळ्यांना काळा चष्मा. हैतीच्या शेतकऱ्यांचा शेतीचा एक देव आहे, झाका. तो कुणबीच आहे. निळे कपडे, गवती टोपी, खांद्याला झोळी, असेच त्याचे रूप. शेतकऱ्याच्या देवाचा पोशाख शेतकऱ्याला लुटणाऱ्याच्या अंगावर चढवला! काळा चष्मा तेवढा नवा, कारण डोळे दिसले तर माणूस ओळखू येतो. ह्या टोळीतल्या बहुतेकांना पगार नव्हता. मग ते जगत कशावर? कोणाची कोंबडी, कोणाची शेळी, कोणाच्या शेताचा बांध, कोणाच्या दुकानाचा गल्ला. आणि बंधूंनो, ही माणसे आकाशातून पडलेली नव्हती. ती गावातलीच. कोणी गावचा अंमलदार, कोणी देवऋषी, कोणी बेकार पोरगा. ज्याला काल कोणी विचारत नव्हते त्याला आज सारा गाव भिऊ लागला. कुंपणच शेत खाऊ लागले.

खुद्द ह्या बापाने आपल्यासाठी कोणते रूप घेतले? हैतीत स्मशानाचा एक देव मानतात, त्याचे नाव बॅरन सामदी. काळा डगला, काळी टोपी, काळा चष्मा, आणि बोलणे नाकातून. मेलेल्यांचा तो मालक. आमचा हा डॉक्टर काळे कपडे, काळी टोपी घालून, जाड चष्म्याआडून टक लावून, हलके, नाकातून बोलू लागला. तोंडाने काही सांगावे लागले नाही. ज्याला समजायचे त्याला समजले. जन्मापासूनच्या श्रद्धेचा त्याने फास केला. आम्ही कोणाच्या देवाची टवाळी करीत नाही. हैतीच्या गुलामांनी १७९१ साली ह्याच देवांची आण घेऊन बंड केले, असे तेथले लोक सांगतात. दोष देवाचा नाही. देवाचे सोंग घेऊन जो दाराशी येतो त्याला आत घेण्याआधी विचारावे लागते, एवढेच आमचे म्हणणे.

एक चमत्कारिक हकीगत ऐका. बार्बो नावाचा मनुष्य ह्या टोळीचा पहिला मुख्य. १९५९ साली दुव्हालियेला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा ह्या बार्बोनेच राज्य सांभाळले. बरे झाल्यावर बापाला संशय आला आणि त्याने बार्बोला तुरुंगात घातले. सुटल्यावर तो उलटला आणि १९६३ साली मारला गेला. त्याच्या शोधाच्या वेळी अशी वदंता उठली की बार्बो काळ्या कुत्र्याचे रूप घेऊन फिरतो, आणि दिसेल तो काळा कुत्रा मारण्याचा हुकूम निघाला आहे. हुकूम खरेच निघाला की नाही, हा वाद करण्यात अर्थ नाही. शहाणीसुरती माणसे ही गोष्ट खरी मानून एकमेकांना सांगत होती, यातच त्या राज्याचे चित्र आले. भीती एकदा घरात शिरली म्हणजे राजाला खोटे बोलायचेही कष्ट पडत नाहीत. ते काम प्रजाच करते.

नाव वाढत गेले तसा हिशेब आटत गेला. १९६१ साली मतदान झाले. मतपत्रिकेवर ह्याचे नाव छापलेले. त्याची मुदत संपायला अजून दोन वर्षे होती, आणि आपण अध्यक्षासाठी मत देत आहोत हे मत देणाऱ्यास ठाऊक नव्हते. मोजणीनंतर जाहीर झाले की दुव्हालिये आणखी सहा वर्षांसाठी निवडून आला, बाजूने १३,२०,७४८ मते, विरुद्ध शून्य. एवढ्या मोठ्या घरात एकाही लेकराचे बापाशी पटत नाही असे झाले नाही! १९६४ साली पुन्हा मतदान. ह्या वेळी मतपत्रिकेवर ‘होय’ आधीच छापून आलेले. तो तहहयात अध्यक्ष झाला. गुलामांनी लढून मिळवलेला निळा-तांबडा झेंडा बदलून काळा-तांबडा केला. पदव्या किती म्हणून सांगाव्या! गोरगरिबांचा उपकारकर्ता, राष्ट्राच्या ऐक्याचा प्रेषित, क्रांतीचा सर्वोच्च नायक. येशू ख्रिस्त त्याच्या खांद्यावर हात ठेवून ह्यालाच मी निवडले म्हणतो आहे, असे चित्र छापून वाटले. ख्रिस्ती पोरे जी देवाची प्रार्थना म्हणतात, तिच्यात देवाच्या जागी ह्याचे नाव घालून चोपडी काढली. राजधानीजवळच्या काबारे नावाच्या खेड्याचे नाव बदलून दुव्हालियेव्हिल केले आणि ते नवे नगर बांधायला व्यापाऱ्यांकडून सक्तीची वर्गणी उकळली. त्याचा हिशेब कोणी मागितला नाही. बापाकडे हिशेब मागायचा असतो का?

बंधूंनो, येथे थांबून आम्ही आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. आमचे वडील कोरडवाहू शेतकरी. आम्ही लहान असताना गावात सावकारी करणारे एक गृहस्थ होते. सारा गाव त्यांना ‘दादा’ म्हणे. आई बाळंतपणात अडली तेव्हा त्या दादांनी रात्री आपली गाडी जुंपून तिला तालुक्याला नेले, म्हणून आई वाचली. हे खरे आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. त्याच वर्षी वडिलांनी त्यांच्याकडून पैसे घेतले. तीन सुगींत फेडले. आई म्हणाली, “अहो, पावती घ्या की.” वडील म्हणाले, “दादाकडं पावती मागू? कोणत्या तोंडानं?” पुढे दादा वारले. मुलांनी वही काढली. वहीत नावे होते, जमा नव्हते. दोन एकर रान गेले. वडील शेवटपर्यंत म्हणत, दादा तसा नव्हता. नसेलही. पण पावती नव्हती, हे खरे. एखाद्याला नात्याची हाक मारली की त्याच्याकडे हिशेब मागायची आपली आपल्यालाच लाज वाटते. दादांनी पावती नको म्हटले नव्हते. ‘दादा’ ह्या शब्दाने आमच्या वडिलांचे तोंड धरले.

हैतीत हेच झाले, फक्त दोन एकरांचे नाही. कॉफीवरचा कर तसाच राहिला. तंबाखूच्या मक्तेदारी खात्यातून येणारा पैसा देशाच्या अंदाजपत्रकात न दिसता राजवाड्यात जाऊ लागला. ऊस तोडायला शेजारच्या देशात माणसे पाठवायची आणि त्यांच्यामागे ठरलेली रक्कम सरकारने घ्यायची, असा करार झाला. त्या मजुरांच्या घामाचा पैसा कोठे गेला, हे मजुराला कोणी सांगितले नाही. शिकलेले लोक, डॉक्टर, मास्तर, देश सोडून कानडाला आणि आफ्रिकेला गेले. ज्या डॉक्टरने खेड्यात डॉक्टर नेला, त्याच्याच राज्यात खेड्यातला डॉक्टर पळाला. फोर्ट दिमांश नावाच्या तुरुंगात गेलेला क्वचितच बाहेर आला. बाप व पुढे लेक ह्या दोघांच्या राज्यात मारले गेलेल्यांचा अंदाज तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत करतात.

आता आम्ही मास्तर म्हणून जी गोष्ट सांगितल्याशिवाय राहू शकत नाही ती सांगतो. ऑगस्ट १९६४ मध्ये तेरा हैतीयन तरुण परदेशातून समुद्रमार्गे आले आणि ह्या राज्याविरुद्ध डोंगरात लढले. जेरेमी गावात त्यांच्या नातलगांना, बायकापोरांसह, मारून टाकण्यात आले. तेरांपैकी शेवटी दोघे जिवंत सापडले, मार्सेल न्यूमा व लुई द्रुएं. १२ नोव्हेंबर १९६४ रोजी राजधानीत स्मशानाच्या भिंतीशी त्यांना खांबाला बांधून गोळ्या घातल्या. त्या दिवशी शाळा बंद ठेवल्या होत्या. सुट्टी म्हणून नव्हे. पोरांनी ते पाहावे म्हणून त्यांना तेथे आणले होते.

त्या पोरांना रांगेने घेऊन जाणारा कोणीतरी मास्तर असेलच. तो दुष्ट असेल असे आम्हाला वाटत नाही. वरून हुकूम आला असेल, घरी बायको-पोरे असतील. आम्ही त्याला नावे ठेवायला धजत नाही, त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एक बडे पाहुणे यायचे होते. वरून सांगणे आले आणि आम्ही शाळेतली मुले रस्त्याच्या कडेला उन्हात उभी केली. हातात पाहुण्यांची तसबीर. घोषणा आम्हीच पाठ करून घेतल्या. दोन तास गेले. चौथीतल्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, हे कोण? ह्यांनी आपलं काय केलं?” आम्ही म्हणालो, “मोठे आहेत, गप उभी राहा.” कोठे ते स्मशान आणि कोठे हा रस्ता, दोन्ही एक नव्हेत, हे आम्हाला कळते. पण त्या मुलीला आम्ही उत्तर दिले नाही. जो प्रश्न विचारायला शिकवणे हेच आमचे काम, तोच प्रश्न आम्ही गप केला. तो दिवस आम्हाला टोचतो, म्हणून आज हे भाषण.

आता एक शंका तुमच्यापैकी कोणी मनात आणली असेल, ती आम्हीच बोलून दाखवतो. कोणी म्हणेल, मास्तर, हा तर बहुजनांतला माणूस होता, वरच्या लोकांनी त्याची बदनामी केली असेल. बंधूंनो, ही शंका अगदी रास्त आहे, आणि दुव्हालियेही हेच म्हणत असे. जो विरुद्ध बोलेल तो काळ्यांचा शत्रू, तो फिकट कातडीवाल्यांचा हस्तक! तेव्हा कागद तपासू. काळ्या बहुजनांवर अन्याय होत होता, हे खरे. शहरी घराण्यांचा ताठा, हेही खरे. कचेऱ्यांत काही काळी माणसे आली, हेही खरे. पण शेतकऱ्याच्या कॉफीवरचा कर उतरला का? नाही. शेतकऱ्याच्या पोराला शाळा मिळाली का? बहुतेकांना नाही. माकूतांनी मारले ते फक्त श्रीमंत होते का? नाही, अगणित काळे शेतकरी, मजूर, दुकानदार मारले गेले. म्हणजे दुःख आमचे, नाव आमचे, मते आमची आणि कोठार त्याचे. आमच्यातला माणूस वर चढला म्हणजे आनंद होतो, व्हावाही. पण तो आमच्यातला आहे म्हणून त्याचे माप तपासायचे नाही, असे म्हणालो तर परक्याच्या जुलुमाऐवजी घरचा जुलूम घेतला, एवढाच फरक. घरचा जुलूम जास्त वाईट, कारण त्याची फिर्याद कोणाकडे न्यायची?

शेवट ऐका. २१ एप्रिल १९७१ रोजी पापा डॉक मेला. मरण्यापूर्वी त्याने अध्यक्षाच्या वयाची अट खाली आणून ठेवली होती, आणि एकोणीस वर्षांचा लेक गादीवर बसला. त्याला ‘बेबी डॉक’ म्हणू लागले. ह्या पोराने जन्मात कोणाला सुई टोचली नव्हती. बापाचे नाव वतनासारखे लेकाकडे गेले! १९८० साली त्याने लग्न केले, त्यात लाखो डॉलर उडाले. त्यानंतर दोनतीन वर्षांत डुकरांच्या साथीच्या भीतीने, अमेरिकेच्या सांगण्यावरून, शेतकऱ्यांची गावरान काळी डुकरे सरसकट मारण्यात आली. तेथल्या गरिबाला डुक्कर म्हणजे आपल्याकडची शेळी. पोराची फी, घरातले दुखणे, लग्न, सारे त्यावर. बेबी डॉकच्या राज्यात गरिबाची ती पेढी गेली. अखेर लोक उठले आणि ७ फेब्रुवारी १९८६ रोजी बेबी डॉक विमानात बसून फ्रान्सला पळाला. लोकांनी बापाची कबर फोडली. आत शवपेटी सापडली नाही. त्या दिवसांतल्या उठावाला त्यांनी आपल्या भाषेतला शब्द दिला, ‘देशूकाज’. झाड तोडल्यावर बुडखा राहतो तो मुळासकट उपटायचा, त्या शेतातल्या कामाचा हा शब्द. पण रागात उपटताना पुष्कळ रक्त सांडले, आणि अजून तो देश सावरलेला नाही. एकोणतीस वर्षे ज्या घरात कोणालाही हिशेब ठेवू दिला नाही, ते घर एका दिवसात उभे राहत नाही.

मग आम्ही काय करावे? उपकार करणाऱ्याला नाव देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पोराचा पाय बरा करणाऱ्याला बाप म्हणा, रात्री गाडी जुंपणाऱ्याला दादा म्हणा. तोंडातला गोडवा कशाला घालवावा? पण तीन गोष्टी धरून चला. पहिली, ज्या कामासाठी नाव दिले तेवढ्याच कामाचे ते नाव. डॉक्टर म्हणून चांगला, म्हणून तिजोरीची किल्ली द्यावी असे नव्हे. सुतार चांगला म्हणून कोणी त्याच्याकडून दाढी करून घेत नाही. दुसरी, पावती सगळ्यांकडे मागा, आणि आपल्या माणसाकडे आधी मागा. खरा असेल तर तो रागावणार नाही. रागावला तर तेवढ्यावरूनच काय ते समजा. तिसरी, पोराने “हे कोण, ह्यांनी आपलं काय केलं?” असे विचारले तर त्याला गप करू नका. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. ही तिसरी गोष्ट आम्ही सर्वांत आधी स्वतःला सांगतो.

आमचे बोलणे संपले. जाता जाता एक विनंती. ह्या वाचनालयाची वर्गणीची वही पलीकडच्या टेबलावर उघडी ठेवली आहे. जमाखर्च आम्ही लिहितो, आणि तुम्ही प्रेमाने आम्हाला ‘गुरुजी’ म्हणता. म्हणूनच मुद्दाम सांगतो, घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व आपली रक्कम पाहून जावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शाळेतली पोरे वाचून दाखवतील. ती त्यासाठीच टेबलापाशी बसली आहेत.